अर्जातले तीन रकाने

आप्पा, परवा तुमची ट्रंक पुन्हा उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगातला तुमचा फौजेतला नंबर अजून वाचता येतो. डिस्चार्ज बुकाच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, माझी सोडचिठ्ठी तुम्ही ठेवली होती तशीच होती. एक कोपरा दुमडलेला नाही. फौजेतला माणूस, कागद नीटच ठेवणार.

तो दिवस मला स्वयंपाकघरातूनच आठवतो. बाहेर ओट्यावर पंच बसलेत, मूल होत नाही म्हणून मला सोडायला मुरुमहून नवरा आणि सासरा आलेत, आई त्यांच्यासाठी चहा गाळतेय. माझ्या हातून कपबशी निसटते. तुम्ही आत येता, फुटलेल्या कपाकडं बघतही नाही. मी हळूच म्हणते, ‘आप्पा, कोर्टातून घेऊ की.’ तुम्ही म्हणता, ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. फौजीच्या लेकीचं नाव वकिलाच्या तोंडी? जमायचं न्हाय. चार माणसांत जोडलं, चार माणसांत सोडायचं.’ बाँडपेपरवर सह्या झाल्या, चहा पिऊन सगळे गेले. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. तुमचा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

आता माझ्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा उमरग्याला डायलिसिसला जाते. त्या खर्चात म्हैस गेली, मग शिलाई मशीन गेलं. तुमच्या मागं आईला माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड मिळालंय आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या लेकीलाही ते मिळतं असं कळलं, म्हणून कागद घेऊन कार्यालयात गेले. टेबलामागं तुमच्यासारखेच एक रिटायर हवालदार. सोडचिठ्ठीवरची तुमची सही बघून ते जरा ताठ बसले. मग म्हणाले, ‘ताई, ह्यो कागद पंचांचा हाय. आमाला कोर्टाचा लागतो.’ अर्जात माझ्या वयाच्या लेकीसाठी तीनच रकाने: अविवाहित, घटस्फोटित, विधवा.

‘मालक हयात हायत का?’

‘हायत.’

‘मग कागदावर तुमी अजून त्येंच्याच. कुठं बसवू सांगा?’

चांगला माणूस होता. मला बसायला लावून पाणी दिलं.

शेवटी कोर्टाची पायरीही चढले, आप्पा. वकील म्हणतो, लई वेळ लागेल. नवरा नोटीसच घेईना, कारण कोर्टात आला तर त्यानं मागाहून केलेलं दुसरं लग्न उघडं पडतं. इकडं डॉक्टर म्हणतात, आता दोनदा पुरत नाही, तीनदा या. तिसऱ्या दिवसासाठी विकायला घरात काही उरलेलं नाही. मला तुमचा राग यायला पाहिजे होता. येत नाही, एवढंच. हल्ली सुई टोचतात तेव्हाही मी खिडकीबाहेरचे ट्रक बघत पडून असते.

हे पत्र ट्रंकेतच ठेवते, त्याच पिशवीत. एक सांगायचं राहिलं. मुरुमचं कुणी भेटलं की मी नवऱ्याची तब्येत विचारते. बायका आईला सांगतात, ‘पोरीचा जीव अजून नवऱ्यात अडकलाय बगा.’ आई डोळे पुसते. परवा एकीनं सांगितलं, आठ दिवस तापानं फणफणला होता, जेवणही जात नव्हतं, आता उतार पडलाय. आप्पा, मला त्या उताराचं वाईट वाटलं.