अनोळखी वास

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला बसला का? इकडे मी ठणठणीत आहे. झाली विचारपूस, आता भांडायला बसते. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागद बिचारा ऐकून तरी घेतो.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तुला कळवलं, की माझ्याकडे परदेशातून पार्सल आलं. बरोबर कळवलं. त्यात चहा होता. त्यावर तू "भिकेचे डोहाळे" म्हणालीस, तेही ऐकलं. डोहाळे तर डोहाळे. पुरवायला मी कोणाच्या दारात गेलेली नाही.

पु-अर नावाचा चीनचा चहा आहे हा. बिनदुधाचा, बिनसाखरेचा प्यायचा. पानं वाफवून, दाबून ताटलीएवढ्या चकत्या करतात आणि वर्षानुवर्षं मुरू देतात. कच्चा आणि पिका असे दोन प्रकार. कच्चा आपला आपण सावकाश म्हातारा होतो. पिक्याचे ओले ढीग घालून, उबेत ठेवून त्याला घाईने म्हातारा करतात. (तू मला करायला निघाली आहेस तसं.)

नवशिक्याने कुठला घ्यावा यावर ऑनलाइन नुसता बाजार भरलाय. एक सांगतो, पिक्यापासून सुरुवात करा. दुसरा म्हणतो, पिका पिणाऱ्याला चहातलं काही कळत नाही. तिसऱ्याचं म्हणणं, आधी एखाद्या जाणत्याजवळ बसा. मला इथे कोण जाणता मिळणार, शिंपीणबाई? मग मी माझ्या अकलेने निवडलं. अख्खी चकती घेतली नाही, नुसते नमुने मागवले. 'सम्राटांचा चहा', 'हजार वर्षांचं झाड' असली नावं दिसली की पुढे सरकायचं. ज्या दुकानाने माल कुठल्या हवेत, कसा साठवला ते सरळ लिहिलं होतं, ते दुकान धरलं. आणि एकमेकांशी अजिबात न जुळणारे नमुने घेतले: कोवळा कच्चा, कोरड्या हवेत जुना झालेला कच्चा, दमट कोठारातला कच्चा, आणि पिक्याचे दोन. सारख्यासारख्या गोष्टी शेजारी ठेवून कोणाला काही कळलंय का? आमच्या साबणाच्या कारखान्यात, वासाच्या खोलीत, नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

कारखान्याचा विषय निघालाच आहे तर एकदाच सांगते. नोकरी मी सोडली, मला कोणी काढलं नाही. साहेबांशी पटेनासं झालं. यापलीकडे त्यात काही नाही, उकरत बसू नकोस.

आणि त्या करपलेल्या पातेल्याचं इतकं काय घेऊन बसलीस? शिंपीणबाईंनी दार बडवलं म्हणून ती मोठी बातमी झाली. मी पुढच्या खोलीत वाचत होते, पुस्तक रंगलं होतं. जगात आजवर कोणाचं पातेलं करपलं नाही का?

मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीस. रंग कोणता ते विचारणार नाही, कारण मी येत नाही. एकटी बाई वेडी होते असं भाऊजींना वाटतं. त्यांना म्हणावं, मी लग्नही केलं नाही आणि वेडीही झाले नाही. दोन्हींचा काही संबंध असेल तर शोधा.

रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

तुझी,
छोटी


ता. २७ फेब्रुवारी

ताई,

आज नमस्कार-चमत्कार नाही. तुझी लेक काल परत गेली, ती घरी पोचायच्या आत तुला फोनवर सगळं सांगून मोकळी झाली असणार. तरी माझ्या तोंडून ऐक. तुझ्या लेकीने सांगितलं म्हणून कळलं, असं व्हायला नको.

तू तिला माझी बॅग भरायला धाडलं होतंस. पोरगी गुणी आहे. आल्या आल्या स्वच्छ सांगून टाकलं, "मावशी, आईने मला तुला उचलून न्यायला पाठवलंय." म्हटलं, आधी कॉफी पी, मग उचल. तिला कॉफी करून दिली. तिने कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"मावशी, दूध नासलंय."

"उन्हाने झालं असेल. दुसरं काढते."

"आत्ता नाही नासलेलं. केव्हाचं आंबलंय. कप नुसता उचलला तरी वास येतोय." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला नाही आला?"

ताई, विचार कर. ज्या बाईला कारखान्यात लोक 'नाक' म्हणून हाक मारायचे, जी आंधळ्यासारखे डोळे मिटून सांगायची की या साबणात गुलाब कमी पडलाय, ती हातात आंबलेलं दूध घेऊन उभी.

"येत नाही," मी म्हणाले. "कशाचाच येत नाही."

मध्ये तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर वास गेला. ताप उतरला, चव अर्धीमुर्धी परतली, वास नाही. अत्तरात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या नाकाशी धरायचे आणि नुसता कागद. थोडे दिवस अंदाजाने निभावलं, मग राजीनामा लिहून दिला. साहेबांशी माझं शेवटपर्यंत छान पटत होतं. ते बिचारे दारापर्यंत समजूत घालत आले. पण त्या खोलीत कीव करून घेत बसायला मी तयार नव्हते, आजही नाही. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी तू टेम्पो घेऊन आली असतीस.

डॉक्टर म्हणाले, रोज चार ठरलेले वास हुंगत जा, नाकाला व्यायाम होतो, कधीकधी येतो परत. लिंबू, लवंग, गुलाब असं काही घ्या. घेतलं. पण मला त्यांचा भरवसा वाटेना. गुलाब नाकाशी धरला की मला गुलाब येतो गं! इतकी वर्षं हुंगलाय, तो डोक्यातच बसलाय. नाकातून आला की आठवणीतून, कसं ओळखायचं? मीच मला फसवत होते.

तेव्हा ठरवलं, आयुष्यात कधीच न हुंगलेलं काहीतरी हवं. ज्याची माझ्याकडे आठवणच नाही असं. ते आलं तर खरंच आलं. पु-अर मी कधी नुसता पाहिलाही नव्हता. आणि लोक त्याच्याबद्दल काय काय लिहितात: ओली माती, जुनं लाकूड, कापूर, पुस्तकांचं कपाट. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. मला असाच माल हवा होता. वर्णनं मुद्दाम अर्धवट वाचून सोडली, मनाने पुन्हा चोरी करू नये म्हणून.

कच्चे तिन्ही तुझी लेक यायच्या आधीच पिऊन झाले होते. कोवळा कडू निघाला. तो कडूपणा गेल्यावर घशात मागाहून गोडवा उतरतो, तो कळला. पण ते जिभेचं काम. नाक ढिम्म.

हे सगळं ऐकून पोरगी म्हणाली, "राहिलेले आत्ता कर. मी बसते समोर." पहिला पिका केला. ती म्हणाली छान आहे. मला काही नाही. दुसऱ्याचं पाकीट फोडलं, पानांवर उकळतं पाणी ओतलं, झाकण उचललं आणि मी झाकण टाकून मागे सरले.

"शी! काय घाण येतेय!"

"मासळी!" ती नाक दाबून ओरडली. "मावशी, अगदी मासळीबाजार!"

मग तिचा नाकावरचा हात खाली आला.

तिने हळूच विचारलं, "तुला आली?"

मी पुन्हा वाकले. आली. मासळी नाही म्हणता येणार, माझ्या नाकाला ते काहीतरी जळक्या रबरासारखं लागलं, वाकडंतिकडं. पण आली, ताई. बाहेरून आत आली. नाव नव्हतं, आठवण नव्हती, नुसती घाण. तुझी लेक मला गच्च मिठी मारून रडायला लागली आणि मी तिच्या खांद्यावरून त्या कपाकडे बघत हसत होते. फेकण्याच्या लायकीचा चहा होता तो. ओल्या ढिगातला वास उडायच्या आधीच घाईने विकायला काढलेला. निवडताना मी चक्क फसले होते!

आज सकाळी पुन्हा केला. आज काहीच आलं नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले असंच होतं, येतं, जातं, वाकडं येतं. सरळ होईल का, याची ते हमी देत नाहीत.

म्हणून आता मुद्द्याचं, आणि हे नीट वाच. वास आला म्हणून मी इथे राहते आहे असं समजू नकोस. तो उद्या कायमचा गेला तरी मी इथेच राहणार आहे. गॅस काढून टाकला, विजेची शेगडी आणली. धूर झाला की कर्कश ओरडणारं एक यंत्र तुझ्या लेकीने छताला बसवून दिलंय. शिंपीणबाईंपेक्षा आवाज बरा आहे. दूध फाटलंय का ते त्याच बघून सांगत जातील, मी स्वतः जाऊन विचारलं त्यांना. विचारताना जड गेलं, पण विचारलं. रोज कपभर चहा मागतात त्याबद्दल, तो देईन. नोकरीचं पुढे काय ते अजून मला माहीत नाही. माहीत नसलं म्हणून कोणी नाक मुठीत धरून बहिणीच्या मागच्या खोलीत जाऊन बसत नाही.

तुझी माया मला कळते. तू लहानपणापासून माझ्यापुढे चालत आलीस, रस्ता ओलांडताना माझं मनगट धरून. ते मनगट अजून दुखतं, इतकं घट्ट धरायचीस. आता सोड. मी पडले तर तुला पहिला फोन करीन, हा शब्द देते. पडायच्या आधी नाही.

खोलीत तुझं शिवणयंत्र ठेव, कधीपासून म्हणत होतीस जागा नाही. मी येईन, चार दिवस राहीन, तुझ्याशी भांडेन आणि परत जाईन. त्या चार दिवसांत तुझ्या घराला कसला वास येतो ते तू मला सांग. मी विचारीन तेव्हाच.

अजूनही स्वतःच्याच घरातून,
तुझीच,
छोटी