गारगोटीची हाळी

मांडवगण फराटा,
१९ जानेवारी २०२५

ती. गिताअक्कास हरिबाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी माझं तोंड बंद केलंय. कुजबुजायचंसुद्धा नाही, ओरडलो तर आवाज कायमचा जाईल म्हणे. पाण्यासाठी, गायरानासाठी चार तालुक्यांत सभा गाजवल्या, तो मी आता चहा हवा असला की पेला वाजवतो. सूनबाईला फार सुख झालंय. मोबाइलवर बोटं चालत नाहीत, म्हणून हे पत्र हनुमंताबरोबर धाडतोय. पोरगा निदान या कामाला उपयोगी पडला.

खरी काळजी वेगळीच. तुमच्या यवतच्या जत्रेत २ फेब्रुवारीला नवख्या घोड्यांची छोटी दौड आहे. आपली गारगोटी पहिल्यांदाच पळणार, पाठीवर नात हर्षदा. अक्का, माझ्या घोडीला चाबूक लागलेला नाही आणि लागणार नाही. मुक्या जिवाला मारूनच पळवायचं, तर ज्यांच्याविरुद्ध जन्मभर बोललो त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? ती पळते हाळीवर. मी शेवटच्या खुणेपाशी उभा राहून हाळी द्यायचो, ती सरळ धावत यायची. हनुमंताने माझ्या भाषणाचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तर ती चरायला लागली. श्रोत्यांची ही तऱ्हा मला नवीन नाही.

तेव्हा ठरवलंय, त्या दिवशी एकदाच ओरडायचं. आवाज गेला तर गेला.

दाजींना नमस्कार. रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझा हरिबा


यवत,
२२ जानेवारी २०२५

चि. हरिबास अनेक आशीर्वाद.

आवाज गेला तर गेला, असं लिहिताना काहीच वाटलं नाही का रे? मग माझ्याशी भांडायचं कुणी? जत्रेत दिसलास तर सगळ्यांसमोर कान धरून जीपमध्ये बसवीन.

हर्षदा येऊन गेली. रडकुंडीला आली होती. सगळे तिला सांगतात, आबा नसले तर चाबूक घे. ती म्हणते, चाबूक घेतला तर आबांना तोंड कसं दाखवू, आन् आबा ओरडणार असतील तर मी घोडीवर बसणारच न्हाई. तुझीच नात.

मेंढरांमागं फिरायचो तवा ती हाळी कोण द्यायचं, विसरलास? बिऱ्हाडाची घोडी पुढं निघून गेली की आई मलाच पाठवायची. तू शेंबडा माझं बघून शिकलास. पण लग्न होऊन इथं आल्यापासून मी उंबऱ्याबाहेर आवाज चढवलेला नाही. जत्रेला सगळी भावकी असणार. या वयात गळ्यातून हाळी निघेल का, घोडी ओळखेल का, देवाला ठाऊक. तरी तू घरीच थांब. मी बघते.

कोमट पाणी पीत जा. जप स्वतःला, एवढंच मागणं.

तुझी अक्का


मांडवगण फराटा,
२५ जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. न.

थांबतो. पण भावकीची भीड कसली धरतेस? बाईने आवाज चढवू नये हे ठरवलं कुणी? ज्या गावाला तुझ्या हातची भाकरी चालते, त्याला तुझा आवाजही चालला पाहिजे!

हे मोठ्याने म्हणता येत नाही, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

तुझा हरिबा


यवत,
२ फेब्रुवारी २०२५

चि. हरिबास आशीर्वाद.

आधी हे वाच, चाबूक लागला नाही.

दोरी सुटली, बाकीची घोडी निघाली आणि आपली गारगोटी बावरून जागच्या जागी गोल फिरली. हर्षदा मानेवर हात फिरवून तिला विनवत होती. लोक हसायला लागले. मी खुणेपाशी उभी, शेजारी भावकीतले सगळे म्हातारे, आणि मी नुसती पदर सारखा करत राहिले. तेवढ्यात तुझे दाजी म्हणाले, अगं दे की हाळी, कुणाची वाट बघतीस? मी पदर खोचला आणि दिली.

हरिबा, तिनं कान टवकारले आणि मग जी सुटली! एकेकाला मागं टाकत आली. अर्ध्या मानेनं पहिला नंबर हुकला, दुसरी आली. पण खुणेपाशी थांबेचना. हर्षदा लगाम ओढतेय, तरी ती वळून माझ्यापाशी आली आणि खांद्यावर तोंड टेकवून उभी राहिली. पोरगी वर बसून रडत होती, हसत होती.

दाजी सगळ्यांना सांगत सुटलेत, इतकी वर्षं वाटायचं माझं कान गेलं, आज कळलं हीच हळू बोलत हुती.

हनुमंताने तुला फोन लावून धरला होता म्हणे. ऐकू आलं का? कळव, तोवर चैन नाही.

तुझी अक्का


मांडवगण फराटा,
४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

ऐकू आलं. फोन लाउडवर ठेवून गोठ्यात बसलो होतो. तुझी हाळी आली आणि गारगोटीची म्हातारी आई, जी हल्ली वैरणीलाही उठत नाही, ती उठून दाव्याला हिसडे द्यायला लागली. तिला यवतला यायचं होतं. मलाही. माझं तोंड उघडलं होतं, अक्का, पण ओरडलो नाही.

जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं.

आवाज आला की पहिला फोन तुला. भांडायला तयार राहा.

तुझा धाकटा,
हरिबा