टॉवेलचा दांडा

४ मार्च, सोमवार
शॉवरचा पाइप पुन्हा हातात आला! नुसता नळ सोडला, तर क्लॅम्पसकट भिंतीतून सुटला, मागून सिमेंटचा ढलपा आणि फुटकी टाइल थेट माझ्या पायावर. अंगाला साबण तसाच. बाहेरून नवरा विचारतोय, काय तोडलंस? म्हणजे मीच!

पाइप सैल कशानं होतो ते मला पक्कं ठाऊक आहे. नवरा त्यावर ओल्या जीन्स लटकवतो. लग्न झाल्यापासून सांगतेय. पालथ्या घड्यावर पाणी.

५ मार्च
नवरा शपथ घेऊन सांगतो, जीन्स लटकवत नाही. उलट मीच म्हणे नळाशी कुस्ती खेळते. शेवटी बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पंच केलं. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला — तुमची भिंतच भुसभुशीत. आमच्या न्हाणीत इतक्या वर्षांत खिळा हललेला नाही. आणि मग रोजचं पालुपद: पंधरा तारखेला मी माझ्या घरी जाणार.

बॅग भरून दाराशी तयार आहे. त्या घरी एकटे असताना पडले, शेजाऱ्यांना कळेपर्यंत दुपार झाली, म्हणून तर इथे आणलं. आता म्हणतात, पाय ठणठणीत आहेत. काठी आणून दिली, ती दारामागे ठेवून दिली — कुत्री हाकलायला! परत एकटे राहिले तर माझा जीव टांगणीला लागणार. पण त्यांना थांबवणार कोण?

७ मार्च
प्लंबर परवापासून "निघालोच" आहे.

आज नवऱ्याच्याच अंगात आलं. पान्हा फिरवला, आट्यांवर पांढऱ्या टेपचं अख्खं रीळ गुंडाळलं, भिंतीला व्हाइट सिमेंट थापलं. भिंतीला लागलं तेवढंच भुवयांनाही. उद्या दुपारपर्यंत कुणी आंघोळ करायची नाही असा हुकूम निघाला. दारावर कागद — हात लावू नये. मला हसू आवरेना.

८ मार्च
पाइप पुन्हा तिरका! आणि ओल्या सिमेंटमध्ये चक्क पंजा उमटलेला, पाचही बोटांसकट.

मी म्हटलं तुझा, तो म्हणाला तुझा. दोघांनी आपापला हात लावून पाहिला. माझा लहान, त्याचा मोठा. शिवाय पंज्याची करंगळी बाहेर वाकलेली. तरुणपणी मोटारीच्या दारात सापडून बाबांची करंगळी अशीच वाकडी झालीय.

म्हणजे रोज त्या ओल्या फरशीवर, आतून कडी लावून, बाबा त्या बोटभर पाइपला धरून उभे राहतात. एखाद्या दिवशी पाइप त्यांच्याच हातात आला असता! मला रडूच कोसळलं. आणि मी बसले होते जीन्सला शिव्या घालत.

नवरा तडक बोलायला निघाला होता. मी त्याचा शर्ट धरला. "एक शब्द बोललास तर उद्याच बॅग उचलतील," म्हटलं. "आणि तिकडे धरायला पाइपसुद्धा नसेल."

१० मार्च, रविवार
प्लंबर उगवला! पाइप घट्ट बसवला, नवी टाइल लावली. शिवाय मी सांगितल्याप्रमाणे कमरेच्या उंचीवर जाडजूड स्टीलचा दांडा ठोकला. म्हणाला, टॉवेलसाठी एवढा कशाला, याला म्हैस बांधली तरी हलायचा नाही. नेमके बाबा दारात उभे. मी प्लंबरवर डोळे वटारले आणि मोठ्यानं सांगितलं, आमचे टॉवेल ओले झाले की फार जड होतात. बाबा फक्त "हं" म्हणाले. नवरा खोकल्याचं निमित्त करून पळाला.

११ मार्च
देखाव्यासाठी सकाळी दांड्यावर टॉवेल टाकला होता. बाबांच्या आंघोळीनंतर जाऊन पाहिलं — टॉवेल घडी घालून खुंटीवर. दांड्यावर साबणाची बोटं. पाइप सरळ! पुसायचं होतं, पण पुसवेना.

बॅग मात्र अजून दाराशीच आहे.

१३ मार्च
चहा पिता पिता बाबा म्हणाले, "सूनबाई, तसलाच टॉवेलचा एक दांडा माझ्या पलंगाशी लावून घे."

पलंगाशी टॉवेल कशाला, हे कुणीच विचारलं नाही. नवरा उठला आणि बॅग माळ्यावर टाकून आला.