तुमच्या पिस्तुलाची किंमत

अहो,

नाव घेऊन हाक कधी मारली नाही, आता कशाला सवय लावून घेऊ! उद्या तुमचं वर्षश्राद्ध. भटजी सांगतील ते सगळं यथासांग होईल. पण त्याआधी एक गोष्ट तुम्हाला माझ्याच तोंडून कळायला हवी, म्हणून तुम्ही शिकवलेल्या या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहायला बसले आहे. आज मी तुमच्या स्वतःच्या पिस्तुलाची किंमत केली. ऐकलीत तर ताडकन उठून बसाल!

भावोजींनी मनाशी पक्कं केलं होतं, वर्ष सरलं की दुकान बंद. विलायतेला परत निघालेल्या रेल्वेच्या साहेबांची, कधी इथल्याच लोकांची जुनी पिस्तुलं घ्यायची आणि पारखून परवानेवाल्यांना विकायची, हा काही त्यांचा पिंड नाही. "दादा गेला, पारख गेली," असं ते येईल त्याला सांगत. आणि माझी पाठवणी भिवंडीला, माहेरी. एका कोपऱ्यात बसून वाती वळायला! मला विचारलं होतं का कुणी?

पारख कुठे गेली होती हो? ती तर आतल्या खोलीतच होती.

आठवतं, जेवणं उरकली की तुम्ही ओटीवर पिस्तूल रिकामं करून बसायचात आणि मला पाठ फिरवून बसायला लावायचात? "बघू नको, ऐक. डोळ्यांना पॉलिश फसवतं." घोडा सावकाश मागे ओढला की गोळ्यांचं चाक फिरतं आणि खट्कन जागेवर बसतं. त्यातली गोळ्यांची सहाही घरं तशीच बसली पाहिजेत. एखादं अर्ध्यात राहिलं तर गोळी नळीत सरळ शिरत नाही, कडेला घासते, आणि उडवणाऱ्याचाच हात जायची वेळ येते. शेजारणींचे नवरे त्यांच्यासाठी लुगडी आणत. मला तुम्ही हे असले आवाज आणून दिलेत!

आणि खंडेनवमी झाली की तुमचा पारा काय चढायचा! लोक पिस्तुलाची पूजा करणार, वर पाणी शिंपडणार, कुंकू लावणार आणि तसंच ओलं खुंटीला अडकवून ठेवणार. खाडीचा वारा बाकीचं काम करायचा. म्हणून कार्तिकात कुणी विकायला आलं की तुम्ही आधी पेचकस घेऊन मूठ उघडायचात. आत कुंकू दिसलं की गिऱ्हाइकाची खैर नसे. "फूल वाहा ना! आंघोळ कशाला घालता?"

आज मानपाड्याचे दाजीबा आले होते. तुमचे जिवलग, गवताच्या वखारीचे. मजुरांची मजुरी घेऊन रात्रीबेरात्री ठाकुर्लीच्या बाजूने एकटे जातात, हे तुम्हाला माहीतच आहे. भावोजींनी त्यांच्यासमोर चांगली तीन पिस्तुलं मांडली. त्यांनी बघितलीसुद्धा नाहीत.

"मना त्यांचाच पायजे. तुमी सांगाल ती किंमत."

भावोजींचा चेहरा उजळला असणार, मी दाराआड होते. त्यांनी तुमचं पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि घोडा ओढून दाखवला. एक, दोन, तीन. चौथ्याला चाक बसलंच नाही! मी कान देऊन ऐकत राहिले. पुढच्या फेरीला पुन्हा तेच घर, पुन्हा तसंच.

तुम्ही असताना अशा वेळी मी नुसत्या बांगड्या वाजवायचे. तेवढ्यावर तुम्ही सौदा मोडायचात, आणि गावाला वाटायचं काय कान आहेत या माणसाचे! आज हाताकडे बघितलं. हात रिकामे. मग बोलावंच लागलं.

"भावोजी, ते देऊ नका. चौथं घर बसत नाही."

भावोजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, अहो दादाचं आहे ते!"

"म्हणूनच सांगते. मूठ उघडा."

कुरकुरत का होईना, उघडली त्यांनी. आत काय होतं सांगू? कुंकू! वर्षानुवर्षांचं, ओल धरून दगड झालेलं, आणि त्यात एक अक्षत. गंज वर चढत थेट चाक ढकलणाऱ्या पट्टीपर्यंत आणि चाकाच्या चौथ्या दात्यापर्यंत गेला होता. जगाला दटावणारे तुम्ही स्वतः गुपचूप पूजा करत होता तर! आणि आपलं म्हणून कधी उघडूनही बघितलं नाहीत. मला हसू आलं, मग भयंकर राग आला, मग रडू आवरेना. याच पिस्तुलाच्या भरवशावर तुम्ही इतकी वर्षं एकटे हिंडलात? हात गेला असता म्हणजे?

दाजीबा दाराकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, मंग मना कंचा देता?"

मी तिन्हींचे आवाज ऐकले आणि त्यातलं सगळ्यात कळकट, लोखंडावरची निळी झाक पार उडालेलं निवडलं. नळी स्वच्छ, सहाही घरं पक्की. किंमतही मीच सांगितली, बेताची. दाजीबांनी घासाघीस केली नाही.

ते गेल्यावर भावोजी उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. "भिवंडीला निरोप धाडायचा राहू दे," एवढंच म्हणाले, आणि विकायला आलेलं एक पिस्तूल आत सरकवलं. मी ते दिव्यापाशी घेऊन बसले.

तुमचं पिस्तूल मोडीत काढलं आहे. मोडीचीच किंमत लावली, एक पै जास्त नाही. रागावलात तर रागवा! पण एक वचन देते. तुमच्या नावावर या दुकानातून जे जाईल ते मी ऐकून, उघडून बघितल्याशिवाय जाणार नाही. ते घेऊन निघालेला माणूस घरी परत आला पाहिजे.

तुमची,
सगुणा