नंबर न विचारणारं कार्ड

१२ जानेवारी

ती. ताईस,
बारकीचा सा. न. पत्र बाथरूममध्ये वाच आणि फाडून टाक. फोनवर सांगता आलं नसतं, दाजी स्पीकर लावून बसतात.

पिल्लू चार महिन्यांचं झालं. माझं दूध आटलंय, डब्याचं द्यावं लागतं आणि एक डबा आठ दिवसांच्या वर जात नाही. त्याचा बाप कामाला म्हणून गेला तो गेलाच.

मी हॉस्पिटलच्या धुलाईत आहे ते तुला माहीत आहे. चादरींच्या गोण्या उलट्या करायच्या, कपडे वेगळे लावायचे. कधी पेशंटचे स्वतःचे कपडे चुकून त्यात येतात. खिशात सापडेल ते मुकादमाच्या पेटीत टाकायचा नियम आहे. मी आजवर सगळं टाकलं. एकदा कवळी टाकली तर बायका आठ दिवस मला कवळीवाली म्हणत होत्या. पण पेटीत गेलेलं घड्याळ पुढे मुकादमाच्याच मनगटावर दिसतं, ते कुणी बोलत नाही.

गुरुवारी एका शर्टाच्या खिशात बँकेचं कार्ड निघालं. नुसतं मशीनला टेकवायचं असतं ना, तसलं. मोठी खरेदी असली तरच नंबर विचारतात. मी समोरच्या दुकानात गेले, दुधाचा डबा ठेवला आणि कार्ड टेकवलं. टुक वाजलं. दुकानातल्या पोरीने मान वर केली नाही. मी डबा तिथेच ठेवून बाहेर आले आणि तो घ्यायला परत आत गेले.

एकदाच केलंय. उद्या पेटीत टाकू का, ते कळव. तुझ्याशिवाय मला विचारायला कोण आहे.
तुझी,
बारकी

१८ जानेवारी

चि. बारकीस, अ. आ.
आमच्या बाथरूमला कडी नाही, म्हणून संडासात बसून वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच, कोंबडीच्या पायाचं.

पेटीत टाकशील तर मुकादमाला दुसरं घड्याळ मिळेल, एवढंच होईल. आयुष्यभर तू भित्रीच राहिलीस. ज्याचा शर्ट चादरींत गेला त्याला आत्ता कार्डाचं काय काम? थोडंथोडं घे, एकदम डोळ्यावर येईल असं काही घेऊ नकोस. आमच्या थोरल्याचे बूट फाटलेत, चार नंबर लागतो. दुकानात असतील तर बघ. नसतील तर राहू दे, पण असतील.

बाळाला पोटभर पाजत जा. पाठीशी मी आहेच.
तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.
बूट पाठवलेत. आतापर्यंत अकरा वेळा टेकवलं. कामाची टोपी आणि तोंडावरची पट्टी काढत नाही. पिल्लाच्या मनगटाला वळ्या पडल्यात, बघितलंस तर खाऊन टाकशील.

कार्ड कुणाचं ते आयाकडून काढलं. एक आजोबा आहेत, पूर्वी बस चालवायचे, आता एकटेच राहतात. कधी शुद्धीवर, कधी नाही. मुलगी परदेशात आहे. तिकीट काढलं होतं म्हणे, मग येत नाही असं कळवलं. मी चादरी द्यायला गेले तेव्हा काचेतून बघितले. दाराकडे तोंड करून पडले होते. आया म्हणाली, सारखे असेच असतात, कूस बदलली तरी परत फिरतात.

मला बरं नाही वाटलं. पण घरी येताना डबा घेतला.
रागावू नकोस माझ्यावर.
बारकी

९ फेब्रुवारी

ताई,
सा. न. लिहायचं राहिलं.

ते आजोबा रविवारी सकाळी गेले. मला माहीत नव्हतं. मी दुपारी दुकानात टेकवलं.

त्यांच्या खात्याला मुलीचा नंबर जोडलेला, टेकवलं की तिच्या फोनवर मेसेज जायचा. हॉस्पिटलने तिला वडील गेल्याचं सांगितलं, तिने फोन ठेवला आणि वर दुकानाचा मेसेज आला. ती परत फोन करून भांडत होती म्हणे, की तुम्ही चुकीच्या माणसाचं सांगताय, माझे बाबा आत्ता दुकानात उभे आहेत.

ती आली आहे. दुकानाच्या कॅमेऱ्यात धुलाईची बाई दिसते, टोपी आणि पट्टी लावलेली. आम्ही सातजणी आहोत. उद्या मुकादम एकेकीला आत बोलावणार. मला आत टाकलं तर पिल्लू कुणाकडे जाईल? तू ठेवशील का? लगेच लिही.

१३ फेब्रुवारी

चि. बारकीस, अ. आ.
तोंड उघडू नकोस. कार्ड दुसरीच्या कपाटात सरकव, सातजणींत एखादी नडलेली असेलच, तिच्यावर कुणीही विश्वास ठेवेल. बाळाचं मला विचारू नकोस, दाजी उंबरा चढू देणार नाहीत. बूट एक नंबर मोठे आलेत, मोजे घालून चालवतोय. माझं नाव मात्र कुठे काढू नकोस. माझ्यावरचा जीव तसाच असू दे.
ताई

३ मार्च

ती. ताईस,
तुझं पत्र मिळालं. त्याच्या आधीच सगळं झालं होतं.

माझी पाळी आली तेव्हा त्यांची मुलगी आतच बसली होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. तिने मुकादमाला बाहेर काढलं. म्हणाली, तक्रार करायची नाही, फक्त कळू दे. रोज मेसेज यायचा आणि तिला वाटायचं, बाबा उठून खाली जातात, चोरून बिस्किटं आणतात. नवऱ्याला दाखवून हसायची. म्हणून तिकीट रद्द केलं. मग तिने विचारलं, बाबांनीच कुणाला कार्ड देऊन काही आणायला पाठवलं होतं का.

ताई, मी हो म्हणाले. चादर बदलताना त्यांनीच दिलं, लेकराला दूध घे म्हणाले, लागेल तेवढं घे. तिने माझे हात धरले. मला वाटलं, सुटले.

मग तिने हात सोडले. म्हणाली, एवढं बोलत होते तर मला फोन का नाही केला. माझ्याबद्दल काय म्हणाले. मी घाबरले. काहीच म्हणाले नाहीत म्हटलं तर खोटं पकडेल असं वाटलं. तोंडाला आलं ते बोलले, की म्हणाले, तिला नको बोलवू, ती तिच्या संसारात आहे.

तिने ते दोनदा म्हणायला लावलं आणि फोनवर लिहून घेतलं. रागाने म्हणाले का, विचारलं. मी म्हटलं, तोंड भिंतीकडे होतं, दिसलं नाही.

माझं काम सुटलं नाही. तिने दुधासाठी पैसेही दिले. माझा नंबर घेतलाय. दर रविवारी फोन करते, अजून काय म्हणाले ते आठवून सांग म्हणते. काल मला काही सुचलं नाही तर ती रडायला लागली.

तू माझ्यापेक्षा शिकलेली. बापाला शोभतील अशी चार-पाच वाक्यं रविवारच्या आत लिहून पाठव. आणि माझी दया येऊ दे.
बारकी