येस-येस काकांची पेपरमिंट

३ मार्च, सोमवार

इंग्रजीत अकलेचा दुष्काळ आहे! एका कामाला तीन-तीन शब्द, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही म्हणे. बाईंनी आज फळ्यावर लिहिलं — सी, लुक, वॉच. आपण सिनेमा बघतो, वाट बघतो, मुलगी बघतो, एकेकाला बघूनही घेतो. एका शब्दात सगळं भागतं! यांना तीन लागतात, आणि वर तोरा केवढा.

वर्ग म्हणजे हॉटेलच्या कामगारांची खानावळ. टेबलं अजून ओली. आम्ही सगळे तळघरातल्या धोबीखान्यातले. बाई हातवारे करून दमल्या, आमचे नग ढिम्म!

हॉटेलच्या साहेबांचं फर्मान आहे — तोंडी परीक्षेत पास होईल तो वर जाईल. पाहुण्यांचं सामान खोल्यांवर पोचवायला. वर कोरडी हवा असते. खिडक्या असतात.

परीक्षा जोडीजोडीने. आणि माझ्या गळ्यात धोंड कोण? येस-येस काका!

५ मार्च

हा माणूस म्हणजे नमुना आहे. यंत्रांच्या धडधडाटात मुकादम काय विचारतो ते कुणालाच कळत नाही. पण ‘काय?’ म्हटलं की तो खेकसतो. म्हणून धोबीखान्याची रीतच पडलीय — त्याचं तोंड हललं की ‘येस’ म्हणून मोकळं व्हायचं. चादरी चुकीच्या गाडीत गेल्या तर मागाहून बघू. आम्ही निदान तळघरापुरतं करतो. काकांच्या अंगातच भिनलंय ते.

बाईंनी आज विचारलं, ‘‘तुम्हाला इथे येऊन किती—’’

‘‘येस, येस!’’

वर्ग हसला. काकाही हसले. लाज नावाची चीज नाही.

६ मार्च

बाईंकडे गेलो. जोडीदार बदलून द्या म्हटलं. तर म्हणतात, त्यांनीच तुला मागून घेतलंय!

काकांना गाठलं. ‘‘मीच सापडलो का तुम्हाला?’’

‘‘बाईंचं कळत नाही रे. तू चिडून सांगतोस ना, ते डोक्यात बसतं.’’

मग सांगितलं चिडून! बॉरो म्हणजे तुम्ही माझा साबण नेता ते. लेंड म्हणजे मी गाढवासारखा देतो ते. सी म्हणजे आपोआप दिसतं ते — सकाळी उठल्याउठल्या तुमचं तोंड. लुक म्हणजे मुद्दाम वळून बघायचं, ते मी करत नाही. वॉच म्हणजे मुकादम आपल्याला करतो ते. हिअर म्हणजे नुसतं कानावर पडणं. लिसन म्हणजे कान देणं. तुम्हाला हिअर येतं, लिसन येत नाही!

पठ्ठ्याने सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शिव्यांसकट.

९ मार्च, रविवार

आईचा फोन. ‘‘इंग्रजी बोलून दाखव की रे जरा.’’

‘‘येस,’’ म्हटलं.

केवढी हरखली! वर गेलास की खिडकीपाशी उभा राहून फोटो पाठव म्हणाली. शेजारच्या काकूंना दाखवायचाय. काकूंचा लेक दुकानात पुड्या बांधतो, त्याचीही मिजास मोठी.

१२ मार्च

काका शेजारच्या खाटेवर रात्रभर खोकतात. छातीत भाता घेऊन फिरतात नुसता. डॉक्टरने स्वच्छ सांगितलंय — वाफेतून बाहेर पडा, नाहीतर घरी परत जा. घरी जाऊन काय करणार? पोरगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिचं सगळं यांच्यावर. हे सांगतानाही दात काढत होते. मला असल्या माणसांची चीड येते. रडावं तरी धड!

शब्द येतात, पण थांबता येत नाही. प्रश्न अर्धा होतो न होतो, ‘येस’ बाहेर. शेवटी मी पेपरमिंटची गोळी दिली. ‘‘उजव्या गालात ठेवा. प्रश्न आला की डाव्या गालात न्यायची. मग बोला.’’

‘‘आणि विरघळली तर?’’

‘‘तर दुसरी खा! माझं डोकं नका खाऊ.’’

जमलं. आज एकदाही ‘येस’ नाही. माझ्या पास होण्यासाठी करतोय मी हे, त्यांच्यासाठी नाही.

१६ मार्च, रविवार

परीक्षा झाली. साहेब खुर्चीत असे रेलले होते, जणू आम्ही त्यांचे पाय चेपायला आलोय. काकांना विचारलं, पाहुण्याची बॅग हरवली तर काय कराल? काकांची गोळी उजवीकडून डावीकडे गेली. मला स्पष्ट दिसली, गालात उंदीर पळाल्यासारखी. मग म्हणाले, ‘‘सर, फर्स्ट आय लिसन. देन आय लुक फॉर बॅग.’’

साहेब सरळ होऊन बसले! माझीही उत्तरं बरोबर आली. शेवटी साहेबांनी मला काहीतरी लांबलचक विचारलं. प्रश्न संपतो न संपतो तोच मी म्हटलं — ‘‘येस.’’

साहेब उठले. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘अरे, काय केलंस? ते सांगत होते, तुम्ही दोघेही पास, पण वर जागा एकच आहे. तू खाली राहशील का, असं विचारत होते!’’

काका वर. मी खाली.

१७ मार्च

अख्खा धोबीखाना मला ‘येस-येस’ म्हणतोय. माकडं! स्वतःला दोन शब्द जोडता येत नाहीत. मुकादमही फिदीफिदी हसला. आईला काय सांगायचं ते बघू.

१८ मार्च

काका आज वर गेले. जाताना डोळ्यांत पाणी. ‘‘माझ्या नादाने लागली रे तुला ही खोड.’’ पेपरमिंटचा अख्खा पुडा उशीवर ठेवून गेले. पुढच्या परीक्षेला लागेल म्हणे. बावळट माणूस!

१९ मार्च

प्रश्न मी पुरता ऐकला होता. हिअर नव्हे. लिसन.