ठकीचा श्वास

प्रिय आत्या,

परवा बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तू मला विचारलंस, "बाहुलीऐवजी खरं बाळ असतं तर मला जमलं असतं की नाही गं?" मागून लोक ढकलत होते, कंडक्टर ओरडत होता, तू आत गेलीस आणि मी सुटले. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. ड्यूटीवर, जेवताना, कपडे वाळत घालताना मी तो उलटसुलट करून पाहिला. उत्तर मला येत नाही, आत्या. शिकवणारीला यायला हवं, पण येत नाही.

दमलेय मी. आवाज बसलाय, पायांना गोळे आलेत. सकाळी नवजात कक्षातली ड्यूटी आणि दुपारी शेजारच्या जुन्या स्टोअररूममध्ये प्रशिक्षण, असं चाललंय. एखादीचा हात बाळांवर बसतो न बसतो तोच तिची बदली हाडांच्या वॉर्डात होते आणि तिकडून दुसरी येऊन माझ्यासमोर उभी राहते. प्लॅस्टर झकास घालते, पण बाळाच्या मानेला हात लावायला घाबरते. मग पुन्हा पहिल्यापासून. बाबांना तर अजून उमगत नाही की पदवी मिळालेली, नोकरीला लागलेली मुलगी सारख्या या उजळणीच्या परीक्षा कशाच्या देते. मागच्या खेपेला शेजारच्या काकांना सांगत होते, पोरगी हुशार आहे हो, पण अजून सुटत नाही. काका इतक्या काळजीने माझ्याकडे बघायला लागले की मलाच मी नापास झाल्यासारखं वाटलं.

उजळणीसाठी येणाऱ्या नर्सेसमध्ये तू आहेस हे कळलं तेव्हा मला आनंदच झाला होता. तू आलीस ती थेट पहिल्या रांगेत बसलीस आणि सगळ्यांना सांगून टाकलंस, "हिची लंगोटी मी बदललीय. आता ही मला बाळ धरायला शिकवणार." रात्रपाळी करून आलेल्या ज्या दोघी भिंतीला टेकून पेंगत होत्या, त्याही जाग्या झाल्या. मी नाळेचा नवा नियम सांगायला लागले तर म्हणालीस, आमच्या वेळी बाळाला उलटं धरून चापट मारायचे, मग म्हणाले मारू नका. नाळ लगेच कापा म्हणाले, मग म्हणाले थांबा. बाळं मात्र अजून तशीच येतात, डोक्याकडून. मीही हसले. नियम का बदलतात ते सांगायला मी वर्षभर धडपडते, आणि माझ्या तासाला एवढ्या जणी एकदम जाग्या त्या दिवशीच पाहिल्या.

मग ठकी बाहेर काढली. तिला सगळे बाहुली म्हणतात, आमच्यात मात्र ठकीच. तिच्या रबरी छातीत फुप्फुसांच्या दोन पिशव्या आहेत. इवलासा मास्क नाकातोंडावर नीट बसवून त्याला जोडलेली हवेची बॅग दाबली की छाती वर येते. मास्क जरा सैल बसला तर गालाजवळून फुस्स असा आवाज येतो आणि छाती जागची हलत नाही. न रडणाऱ्या बाळासाठी करायचं ते मुख्यतः एवढंच, आणि ते पहिल्या मिनिटात करायचं.

तुझ्या हातून फुस्स झालं. तू म्हणालीस, ठकी हट्टी आहे, हिच्या आईवर गेलीय. सगळ्या पुन्हा हसल्या. दुसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा कोणी हसलं नाही. चहाच्या सुट्टीत मी तुला थांबवलं आणि डावा हात हातात घेतला, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी आलेली सूज पाहिली. दाबली तर तू ओठ घट्ट मिटलेस. मग मला आठवलं की हल्ली घरी आलीस की बरणीचं झाकण आईकडे सरकवतेस आणि वर तिलाच म्हणतेस, तुझ्या हाताची ताकद बघू. आई फुशारून झाकण उघडते. आम्हाला कुणालाच कळलं नाही गं.

मग आपण दोघींनी करून पाहिलं. तू दोन्ही हातांनी मास्क धरलास, बॅग मी दाबली, आणि ठकीची छाती अशी सुरेख वर आली की तू लहान मुलीसारखं माझ्याकडे पाहिलंस. "बघ, जमलं की." मीही हो म्हणाले. ते खरंच होतं. मग सहज विचारावं तसं मी विचारलं, तुझ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी जोडीला कोण असतं? तू म्हणालीस, कोण असणार, मी आणि बाळंतीण.



तू सांगितलंस की तुझ्या हातावर आलेलं बाळ रडतंच. मी मान डोलावली. पण आत्या, बहुतेक बाळं कोणाच्याही हातावर रडतातच. ती आपल्या वाट्याची नसतातच. आपली सगळी शिकवणी, ही उजळणी, ही बिचारी ठकी, सगळं त्या एका न रडणाऱ्या बाळासाठी आहे, आणि ते कधी येईल हे कुणालाच ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांसमोर सारखं तुझं टेबल येतं. त्यावर एक गप्प बाळ, पलीकडे माझं बाळ का रडत नाही असं विचारणारी आई, तुझा एकटीचा हात, आणि तो गालाजवळचा आवाज.

आमच्या डॉक्टरांना मी सांगितलं, ती माझी सख्खी आत्या आहे, तिची ठकीवरची परीक्षा दुसऱ्या कोणीतरी घ्यावी. ते चांगले आहेत, लगेच म्हणाले, द्या इकडे, पास म्हणून मी सही करतो, निवृत्तीला आलेल्या बाईंना कशाला त्रास? आणि पेन उघडलं. तुला पाहिलंही नव्हतं त्यांनी. माझी मैत्रीण म्हणाली, सगळे असंच करतात, तू काय जगाचा मक्ता घेतलायस? मी डॉक्टरांना म्हटलं, राहू द्या, मीच बघते. खरं सांगते, त्या क्षणी मी स्वतःवरच चिडले. त्यांनी सही केली असती तर तूही खूश आणि मीही मोकळी.

मी शिकले ती तुझ्यामुळे, याची मला कोणी आठवण करून द्यायला नको. बारावीनंतर बाबा मला दुकानात बसवायला निघाले होते. तू ड्यूटीच्या कपड्यांतच घरी आलीस आणि उंबऱ्यावरूनच त्यांना म्हणालीस, मला अर्ध्यावर थांबवलंत ते थांबवलंत, हिला थांबवलंत तर मी या घरात पाणी पिणार नाही. बाबांना तुझ्यापुढे मान तुकवताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्या घरात पदवीचा पहिला कागद आला तो त्या दिवसामुळे. हे मनात असताना मी ठकीसमोर कशी उभी राहिले असेन, तूच बघ.

आज सकाळी मी तुझ्या निकालावर 'अद्याप तयार नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि तो स्वतः वरच्या ऑफिसात देऊन आले. जोडीला दुसरी नर्स असेल तर ही उत्तम करते आणि तिथे दुसरी नर्स द्यायलाच हवी, असं त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलंय. ते कोणी वाचेल की नाही, माहीत नाही. दुसरी नर्स मिळेपर्यंत किंवा तुझा अंगठा बरा होऊन फेरपरीक्षा होईपर्यंत तुला प्रसूतिगृहातून काढून लसीकरणाच्या खोलीत बसवतील. बाळं तिथेही असतील, पण सगळी रडणारी. निकाल एक-दोन दिवसांत तुझ्या इन्चार्जकडे पोचेल. त्यांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून तुझ्या दवाखान्यातल्या धाकट्या सिस्टरबरोबर हे पत्र पाठवतेय. फोन केला असता तर तू हसून विषय बदलला असतास आणि मला रडू आलं असतं. तू रागावशील, माझ्याशी बोलणार नाहीस, कदाचित घरीही येणार नाहीस. त्या सगळ्याचा विचार मी जिना चढतानाच केला होता, आणि तरी कागद देऊन आले.

तुझीच,
भाची